दोन तास वजा

आमच्या आजोबांनी आयुष्यात एकदाच कागदावर अंगठा उठवला. गावच्या रस्त्याला खडी टाकायची आहे, त्याला संमती लागते, असं सांगत दोन माणसं आली होती. आजीने त्यांना ताक दिलं, आजोबांनी अंगठा दिला. पुढच्या आषाढात पेरायला गेले तर शेताला तारेचं कुंपण. खडी काही पडली नाही. आज त्या शेतात चोवीस मजल्यांची इमारत उभी आहे. घोडबंदर रोडवर ट्रॅफिक तुंबला की माणसं गाडीत बसल्या बसल्या तिच्याकडे बघतात. मी बघत नाही.

शेत गेल्यावर बाबा दुसऱ्यांच्या मिठागरात राबायला गेले. मिठागरात काय असतं हे ज्यांना पुस्तकातून कळलंय त्यांना बाबांच्या टाचा दाखवायला हव्यात. पुढे मिठागरही बंद पडलं. आई खाडीतले निवटी मासे आणि चिंबोऱ्या टोपलीत घेऊन रस्त्याच्या कडेला बसायची. गाड्यांच्या काचा खाली व्हायच्या, भाव विचारायच्या आणि वर जायच्या. दहावीला मी चुलत बहिणीची जुनी पुस्तकं वाचली. तिने त्यात पेनाने आधीच चुकीची उत्तरं लिहून ठेवलेली. मी ती खोडून पास झाले.

आमच्याकडे उरलं होतं ते खाडीला लागून पंधरा गुंठे खाजण, म्हणजे बांध घालून राखलेलं भातशेत, आणि बांधावरचं घर. आणि एक नियम: घरात कागद घ्यायचा नाही. लग्नाची पत्रिका आली तरी काका आधी ती उलटी करून मागे काय छापलंय ते बघायचे, वाचता येत नसताना. विजेचं बिल आई तुळशीपाशी दगडाखाली ठेवायची, मी शाळेतून येऊन वाचेपर्यंत ते बाहेरच.

अशा घरापाशी एक दिवस ते आले, हातात वही घेऊन.

साठी उलटलेले, उंच, पांढरा शर्ट पँटमध्ये खोचलेला. उजव्या हाताची दोन बोटं पेरापासून तुटलेली. बोलणं पुण्याकडचं, शुद्ध, आणि लहान पोरालाही 'आपण'. आमच्याच शेतावर उभ्या राहिलेल्या इमारतीत, नवव्या मजल्यावर राहतात, एवढं वॉचमनकडून कळलं. त्यामुळे गावाने त्यांचं नाव ठेवलं 'नववा माला'. आमच्या बोलीत माळ्याचा माला होतो, घड्याळाचं घऱ्याल, वेड्याचा येरा.

"नववा माला उतरला बग," कोणीतरी ओरडायचं, आणि सगळे कामात असल्यासारखं करायला लागायचे.

त्यांची उतरण्याची पद्धतच संशय यावा अशी होती. इमारतीच्या गेटवर फोन वॉचमनकडे द्यायचे. किराणावाल्याकडे हातातलं घड्याळ काढून खिळ्याला अडकवायचे. बांधावर चढण्याआधी बूट-मोजे काढायचे. अगदी खाडीच्या तोंडाशी आले की चष्मासुद्धा खिशात, आणि मग चाचपडत पुढे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "खाली येताना एकेक यंत्र मागे ठेवावं. वर जाताना परत मिळतं. खालच्या माणसाला ती सोय नाही."

काकांनी याचा अर्थ त्यांच्या पद्धतीने लावला. "फोन ठेवून येतंय म्हंजे टावरला दिसाला नको, ह्यो इकरं आलेला. आन घऱ्याल कारतो म्हंजे कोनी इचारला किती वाजता होतास, तर म्हाईत नाय म्हनाला मोकला."

"चष्मा कनाला कारतो मग?" आईने विचारलं.

काका म्हणाले, "त्याचा पन काय तरी असंल."

ते प्रश्न विचारायचे. बांध कोणी घातला, माती कुठून आणली, फळी कुठल्या लाकडाची. उत्तर वहीत लिहायचे आणि पुढचा प्रश्न नेहमी तोच: "आणि हे मोडलं तर दुरुस्त कोण करतं?" जन्मभर ते लिफ्टच्या कंपनीत दुरुस्तीच्या कामाला होते. बोटं तिथेच गेलेली. त्यांचं एक वाक्य होतं, दिवसातून दोनदा तरी ऐकू यायचं: "यंत्र कोणाकडे आहे हे विचारू नका. बंद पडल्यावर कोणाला हाक मारतात ते विचारा."

आम्हाला त्या वाक्याचं काही नव्हतं. आम्हाला भीती होती ती उघाडीची. उघाडी म्हणजे बांधातला दरवाजा, दगडी चौकटीत लाकडी फळ्या. ओहोटीला फळ्या काढायच्या, शेतातलं पावसाचं पाणी खाडीत जातं. भरती यायच्या आत फळ्या बसवायच्या, नाहीतर खारं पाणी आत. एकदा खारं पाणी भरलं की जमीन दोन-तीन वर्षं भात देत नाही. मग कोणीतरी येऊन म्हणतं, पडीकच आहे, कशाला ठेवता. आजूबाजूची खाजणं अशीच गेली होती. कोणी म्हणायचं बांध आपोआप फुटले, कोणी म्हणायचं रात्रीतून फळ्या गायब झाल्या. म्हणून पाणी कधी येणार आणि बाबा उघाडीवर कधी असणार हे बाहेरच्याला कळू द्यायचं नाही.

आणि त्यांनी नेमकं तेच विचारलं.

मी तिथेच बांधावर फिजिक्सचं पुस्तक घेऊन बसले होते. बाबा आणि काका फळीला डांबर लावत होते.

"पाणी केव्हा येणार, हे आपण कसं ओळखता?"

काकांचा ब्रश थांबला. बाबांचा थांबला नाही. "सोप्पा हाय साहेब. आज तिथ कनची? तिची पाऊनपट कराची."

एवढं खरं होतं. तिथीची पाऊणपट केली की समुद्रकाठच्या भरतीची वेळ निघते, हे अख्ख्या किनाऱ्याला ठाऊक आहे.

"आणि मग?"

"आन मग त्याच्यातून दोन तास वजा."

हे खोटं होतं. खाडी जसजशी आत येते तसं पाणी आपलं वेळापत्रक बदलतं, आणि प्रत्येक उघाडीचा हिशेब वेगळा. आमच्या उघाडीला काय करायचं ते बाबांना त्यांच्या बाबांनी सांगितलं, आणि मला बाबांनी. पण वजा दोन नाही.

त्यांनी लिहून घेतलं. दोनदा अधोरेखित केलं. "आभारी आहे," म्हणाले आणि चष्मा शोधत निघून गेले.

चतुर्थी आली. चाराची पाऊणपट तीन, त्यातून दोन वजा, एक. बरोबर एक वाजता नववा माला भर उन्हात उघाडीपाशी हजर. समोर नुसता चिखल. पायाशी निवट्या उड्या मारतायत आणि हे हाताची घडी घालून भरतीची वाट बघतायत. आमच्या घराच्या खिडकीला सहा डोकी लागली होती. आई पदर तोंडात कोंबून हसत होती. दोन तास उभे राहिले, वहीत एक ओळ लिहिली आणि गेले. अष्टमीला सहा वजा दोन, चार वाजता पुन्हा हजर. पुन्हा चिखल. पुन्हा एक ओळ. असं सहा महिने. एकदाही त्यांनी बाबांना विचारलं नाही की अहो, पाणी कुठंय?

हसणं हळूहळू बंद झालं. फसवल्यावरही जाब न विचारणारा माणूस आमच्याकडे कोणी पाहिला नव्हता.

"येरा हाय," आई म्हणाली.

"येरा नाय," काका म्हणाले, "येऱ्याचं सोंग घेतलाय. लई मुरलेला हाय."

त्याच सुमारास त्यांनी मला बांधावर गाठलं. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, ठाण्याच्या कॉलेजात, आणि फिजिक्सचा एक पेपर राहिलेला. मी मोठ्याने पाठ करत होते.

"हे आपण पाठ का करता आहात?"

"परीक्षेत विचारतात म्हणून."

"समजलं तर पाठ करावं लागणार नाही. मला मराठी टाईप करणारं कोणीतरी हवंय, बोटांमुळे मला जमत नाही. रविवारी या. आपण टाईप करा, मी फिजिक्स शिकवतो."

"काय टाईप करायचं?"

"कादंबरी. आजपासून बारा हजार वर्षांनंतरची."

घरी सांगितलं तर काका उभेच राहिले. "बारा हजार वर्षांचा करार करतंय!"

बाबांनी मात्र मला जवळ बोलावलं. मग म्हणाले, "जा तू बाय. शिकून घे. आन बग तिकरं काय काय हाय. सातबारा, नकाशा, कोनाचे कागद. सगला बगून ये." म्हणजे मी फिजिक्ससाठी गेले हे खरं, आणि हेर म्हणून गेले हेही खरं. दोन्हीची मला लाज वाटत नाही.

पहिल्या रविवारी मी नवव्या मजल्यावर गेले आणि दोन गोष्टी पाहिल्या. भिंतीवर नकाशा होता. हाताने काढलेला, खाडीचा, आणि आमच्या घरावर लाल शाईने गोल. दुसरी गोष्ट खिडकी. मोठी, जमिनीपासून छतापर्यंत. तिच्यातून आमची उघाडी दिसत होती. फळ्या मोजता येतील इतकी स्पष्ट. बाबा तिथे उभे होते, छोटेसे, कमरेवर हात ठेवून. पाणी चढत होतं तेही दिसत होतं. खिडकीच्या चौकटीवर पेन्सिलने बारीक अक्षरात तारखा आणि वेळा लिहिलेल्या. पाण्याच्या खऱ्या वेळा. पहिली नोंद त्या पहिल्या चतुर्थीची.

म्हणजे ह्या माणसाला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. आम्ही खिडकीतून त्यांना हसत होतो आणि त्यांच्याकडे आमच्याहून मोठी खिडकी होती.

मी ते घरी सांगितलं नाही. का, ते सरळ सांगते: पेपर तीन आठवड्यांवर होता आणि ते चांगलं शिकवत. लिफ्ट खाली येताना पोटात हलकं का वाटतं, इथून सुरू करून त्यांनी मला अख्खा धडा समजावला. त्यासाठी आम्ही लिफ्टमधून अकरा वेळा खाली-वर केलं, हातात वजनकाटा घेऊन. शेजारच्या बाई म्हणाल्या, "अहो, मुलीला घरी सोडा आता." नकाशाबद्दल मी घरी एवढंच म्हटलं की आहे, पण सरकारी नाही.

कादंबरी मात्र मी डोळ्यांत तेल घालून टाईप केली. प्रत्येक ओळीत आमची जमीन शोधत होते. बारा हजार वर्षांनंतर जगात दोन तऱ्हेची माणसं उरली आहेत. 'वरचे' ढगांच्याही वर राहतात. त्यांची यंत्रं स्वतःच स्वतःला दुरुस्त करतात, त्यामुळे दुरुस्ती म्हणजे काय हे तिथे कोणालाच आठवत नाही. आणि 'काठचे' पाण्याशेजारी राहतात, नकाशात लाल गोल होता नेमकं तिथे, त्यांच्याकडे दोरी, फळी आणि बोटांवरचं गणित. एक दिवस वरच्यांचं यंत्र बंद पडतं आणि त्यांची तरंगती शहरं खाली यायला लागतात. कुठल्या वेळी उतरलं तर पाणी मिळेल आणि कुठल्या वेळी चिखल, हे फक्त काठच्यांना माहीत. वरचे येऊन विचारतात.

काठचा म्हातारा म्हणतो, तिथीची पाऊणपट करा, आणि त्यातून दोन तास वजा.

मी टाईप करायची थांबले. पुढचं पान होतं: शहरं चिखलात रुतून बसली. त्याच्या पुढची पानं कोरी.

"पुढे काय?" मी विचारलं.

"पुढचं मला येत नाही," ते म्हणाले. "त्याने खोटं का सांगितलं, हे लिहायचंय. मी चार कारणं लिहिली, चारही फाडली. ती सगळी वरच्या माणसाने शोधलेली वाटतात." मग म्हणाले, "आणि मुळात परवानगी घ्यायला हवी. वरच्यांनी खालून सगळं न विचारता नेलं, यावरच तर पुस्तक आहे. मीही तसंच केलं तर काय अर्थ? मी आपल्या घरी येतो. कागद घेऊन येतो."

"सर, कागद नको," मी म्हटलं. खरंच घाबरून म्हटलं.

"लेखीच हवं," ते म्हणाले. त्यांना आमच्या आजोबांचं काहीच माहीत नव्हतं. आपण कोणाच्या शेतावर राहतो हेही नव्हतं.

पुढच्या रविवारी ते आले. फोन नाही, घड्याळ नाही, अनवाणी. हातात मात्र दुमडलेला कागद. ओट्यावर बसले. काका दारात आडवे उभे राहिले, जणू कागद पळून घरात शिरणार होता.

"मी एक कादंबरी लिहितो आहे," ते म्हणाले. "आपण मला भरतीचं जे खोटं गणित सांगितलंत, ते तिच्यात छापायची परवानगी हवी आहे."

आईच्या हातातलं भांडं खाली टेकलं.

"म्हंजे याला म्हाईत होता!" काका ओरडले. "बगा! मी बोल्लो नव्हतो?"

"कवापासून?" बाबांनी विचारलं.

"पहिल्या चतुर्थीपासून. माझ्या खिडकीतून पाणी दिसतं."

"मंग उनात येऊन उभा ऱ्हात कनाला होतात?"

"आपण मला ती वेळ दिली होतीत. दिलेल्या वेळेला यायला हवं."

बाबा माझ्याकडे वळले. "खिरकीतून आपली उघारी दिसतं? तुला म्हाईत होता बाय?"

"हो," मी म्हटलं. खोटं बोलायची सोय नव्हती.

बाबांनी तोंड फिरवलं. ते मला आजही लागतं.

"एक विचारू?" ते म्हणाले. "मला पुढचं लिहिता येत नाहीये. आपण खोटं का सांगितलंत?"

"भ्यायलेलो," बाबा म्हणाले. "दुसरा काय?" मग खाडीकडे बघत, "तुमच्याकरं खिरकी हाय साहेब. आमच्याकरं येवराच होता."

त्यांनी वही काढली, पण लिहिलं नाही. वही तशीच मांडीवर राहिली. तुटक्या बोटांनी तिच्या कडा सारख्या करत बसले. मग आई म्हणाली, "ज्या जाग्यावं तुमची खिरकी हाय ना, तिथं आमचा शेत होता," आणि अंगठ्याची, ताकाची, खडीची सगळी गोष्ट तिने एका दमात सांगितली. त्यांचा चेहरा उतरत गेला. त्यांनी कागद घडी घालून खिशात ठेवायला घेतला.

"थांबा," बाबा म्हणाले. "द्या तो. बाय, वाच."

काकांनी डोक्याला हात लावला. "अरे, बापाशीन हेच केला ना!"

"बापाशीच्या घरान वाचनारा कोन नव्हता," बाबा म्हणाले. "माज्या घरान हाय."

तोपर्यंत मी कितीतरी परीक्षा दिल्या होत्या. इतकी घाबरले कधी नव्हते. कागद एकच होता, टाईप केलेला. मी तो मोठ्याने वाचला. मग मनात वाचला. मग उलटा करून मागची बाजू पाहिली, काका बघायचे तशी. कोरी होती. उजेडात धरून पाहिला. मग म्हटलं, "सर, ही चौथी ओळ. 'उघाडीसंबंधी दिलेल्या माहितीचे सर्व हक्क.' ही का?"

"छापखान्याचा नमुना होता. तसाच उतरवला."

"'सर्व हक्क' काढा. 'उघाडी' हा शब्द काढा. 'एक वाक्य' म्हणा, आणि ते वाक्य लिहा."

त्यांनी पेनाने खोडलं, वर लिहिलं, बाजूला सही केली.

"आणि एक कागद तुम्ही आम्हाला द्या," मी म्हटलं. "या जागेवर, बांधावर, घरावर माझा काही हक्क नाही आणि कधी सांगणार नाही."

"अगं," आई म्हणाली, "मानूस ओट्यावं बसलाय आपल्या."

"बसू दे."

ते रागावतील असं मला वाटलं होतं. ते हसले. पहिल्यांदाच हसताना पाहिलं मी त्यांना. वहीचं पान फाडून सगळं लिहून दिलं, पूर्ण नाव, फ्लॅट नंबर, मजला. तारीख घातली. सही केली आणि म्हणाले, "आता आपण मागची बाजू बघा." मी बघितली.

बाबांनी परवानगीच्या कागदावर सही केली. मीच शिकवलेली, मोडकी. त्यांनी अंगठा लावला नाही.

पुढे ते फ्लॅट विकून गेले. खडवलीला, नदीजवळ, तळमजल्याच्या घरात. का, ते आम्हाला सांगितलं नाही, आणि मी अंदाज करत नाही. गावात अजून दोन तट आहेत. एकाचं म्हणणं, माणूस सरळ होता. काकांचं म्हणणं आहे की एजंटच होता, काम उरकलं म्हणून गेला, दहा वर्षांनी कागद निघेल बघा. मलाही कधीकधी वाटतं की निघेल. म्हणून तो वहीचा कागद पत्र्याच्या पेटीत प्लास्टिकमध्ये जपून ठेवलाय.

कादंबरी छापून झाली. त्यांनी एक प्रत आणून दिली, ओट्यावरच, आत न येता. शेवटच्या प्रकरणात काठचा म्हातारा म्हणतो, भ्यायलो होतो, आणि बाकी काही म्हणत नाही. गणितही तेच छापलंय, वजा दोन तास. खरं गणित बाबांनी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही. मीही ते इथे लिहिणार नाही. तुमची-माझी ओळख नाही.

मी फिजिक्स काढलं, बी.एस्सी. झाले, आमच्या घरातली पहिली. उघाडीच्या फळ्या यंदा नव्या बसवल्या. पंधरा गुंठे बाबांच्या नावावर आहेत आणि त्यात भात होतं. आमच्या घरी येणारा प्रत्येक कागद आता आत येतो, आणि तो मी वाचते.